शिव ठाकरे यांच्या बिग बॉसमधील युती आणि प्रतिस्पर्धा

शिव ठाकरे (जन्म: ९ सप्टेंबर १९८९, अमरावती) हे दूरचित्रवाणीवरील स्पर्धात्मक रिॲलिटी शोंमुळे प्रसिद्धीस आलेले मराठी कलाकार आहेत. बिग बॉस मराठीच्या दुसऱ्या पर्वाचे (२०१९) ते विजेते आणि हिंदी बिग बॉसच्या सोळाव्या पर्वाचे (२०२२-२३) उपविजेते होते. दोन्ही पर्वांत त्यांची वाटचाल घरातील मित्रगट आणि प्रतिस्पर्धी यांच्याशी असलेल्या संबंधांवर अवलंबून राहिली. मराठी पर्वात ते सुरुवातीच्या गटाच्या चौकटीबाहेर गेले व जिंकले. हिंदी पर्वात 'मंडळी' या नावाने ओळखल्या गेलेल्या गटाशी ते अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिले आणि त्याच गटातील मित्राकडून, पुण्याचे रॅपर एम.सी. स्टॅन यांच्याकडून, अंतिम क्षणी पराभूत झाले. सोबत्यांशिवाय या खेळात टिकून राहणे कठीण असते आणि शेवटी त्याच सोबत्यांशी स्पर्धा करावी लागते. या पेचाचे उदाहरण म्हणून त्यांच्या दोन्ही पर्वांकडे पाहता येते.

पार्श्वभूमी

ठाकरे यांचे बालपण अमरावती येथे गेले. त्यांच्या वडिलांचे पानाचे दुकान होते. शालेय वयात वर्तमानपत्रे आणि दूध विकून घराला हातभार लावल्याचे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. पुढे ते नृत्याचे वर्ग घेऊ लागले. २०१७ साली एमटीव्ही वाहिनीवरील 'रोडीज रायझिंग' या पर्वात त्यांची निवड झाली. या पर्वात ते रणविजय सिंघा यांच्या गँगमध्ये होते आणि उपांत्य टप्प्यापर्यंत पोहोचले.

रोडीजमध्ये एखाद्या स्पर्धकाला बाहेर काढण्याचा निर्णय बहुतांशी सहस्पर्धकांच्या मतदानाने होतो. त्यामुळे ज्याच्या बाजूने अधिक माणसे, तो सुरक्षित, असे साधे गणित तेथे लागू पडते. बिग बॉसची रचना याहून वेगळी आहे. ठाकरे यांच्या पुढील वाटचालीचा अर्थ लावताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

खेळाची रचना आणि युतीचे स्थान

बिग बॉस हा 'बिग ब्रदर' या मूळ डच कार्यक्रमाचा भारतीय अवतार आहे. मूळ कार्यक्रम १९९९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला आणि त्याचे नाव जॉर्ज ऑरवेल यांच्या कादंबरीतील सर्वसाक्षी सत्ताधीशावरून घेतलेले आहे. हिंदी बिग बॉस २००६ साली, तर बिग बॉस मराठी १५ एप्रिल २०१८ रोजी सुरू झाले. मराठीच्या पहिल्या पर्वाचे घर लोणावळ्यात होते. पुण्याहून पिंपरी-चिंचवड आणि देहूरोड ओलांडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने जाताना हे गाव लागते. दुसऱ्या पर्वापासून मुंबईतील गोरेगावच्या चित्रनगरीत घर उभारण्यात आले. ठाकरे यांची दोन्ही पर्वे गोरेगाव येथेच पार पडली.

या कार्यक्रमात बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेले सदस्य एका घरात राहतात. प्रत्येक आठवड्यात सदस्य एकमेकांना नॉमिनेट करतात, म्हणजे घराबाहेर जाण्यासाठी नावे सुचवतात. नॉमिनेट झालेल्यांपैकी कोणाला ठेवायचे, हे मात्र सहसा प्रेक्षक मतदानाने ठरवतात. कॅप्टन झालेल्या सदस्याला त्या आठवड्यापुरते संरक्षण आणि काही विशेषाधिकार मिळतात. नॉमिनेशनविषयी आपसांत उघड चर्चा करण्यास मनाई असते. साहजिकच गटातील समजूत बहुधा सूचक बोलण्यातून आणि सवयीतून तयार होते.

गटाचा फायदा एका साध्या उदाहरणावरून समजतो. घरात बारा सदस्य आहेत आणि प्रत्येकाला दोन नावे द्यायची आहेत, असे समजू. सहा जणांच्या गटाने आपली बारा मते दोनच व्यक्तींवर वळवली, तर त्या दोघांना प्रत्येकी सहा मते पडतात. उरलेल्या सहा जणांमध्ये एकवाक्यता नसेल, तर त्यांची बारा मते अनेकांत विखुरतात. गटातील सदस्य अशा रीतीने बहुतेक आठवडे नॉमिनेशनपासून दूर राहू शकतात. टास्कमध्येही हाच नियम लागू होतो. संचालक आपल्या बाजूचा असणे, वस्तू राखायला चार हात अधिक असणे किंवा कॅप्टनपदाच्या उमेदवारासाठी इतरांनी माघार घेणे, या सर्व गोष्टी संख्याबळावर अवलंबून असतात.

अमेरिकेतील 'सर्व्हायव्हर' या कार्यक्रमाच्या २००० सालच्या पहिल्या पर्वात रिचर्ड हॅच यांनी आपल्या तीन सहकाऱ्यांसह केलेली युती या प्रकारातील प्रारंभीचे उदाहरण मानली जाते. तेथे बाद करण्याचा निर्णय स्पर्धकच घेत, आणि अखेरीस बाद झालेल्या स्पर्धकांचे मंडळ विजेता निवडी. हॅच ४ विरुद्ध ३ मतांनी जिंकले. अशा रचनेत चार जणांची पक्की युती दुसऱ्या बाजूच्या सदस्यांना एकेक करून बाहेर काढू शकते. बिग बॉसमधील गटाला मात्र विरोधकाला दारापर्यंतच नेता येते. दार उघडायचे की नाही, हे प्रेक्षकांच्या हाती असते. एखाद्याला सर्वांनी मिळून वारंवार नॉमिनेट केले, तर तो प्रत्येक आठवड्यात मते मागत राहतो, त्याचा पाठीराखा वर्ग वाढतो आणि एकट्याने लढणारा म्हणून त्याच्याविषयी सहानुभूतीही निर्माण होते. गटाच्या आश्रयाला राहिलेल्या सदस्याला ही संधी कमी मिळते. त्यामुळे घरातील संख्याबळ आणि घराबाहेरील प्रतिमा या दोन गोष्टी अनेकदा परस्परविरोधी दिशांना खेचतात.

बिग बॉस मराठी २ (२०१९)

हे पर्व २६ मे ते १ सप्टेंबर २०१९ या काळात कलर्स मराठी वाहिनीवर प्रसारित झाले. महेश मांजरेकर हे सूत्रसंचालक होते. किशोरी शहाणे, विद्याधर जोशी, सुरेखा पुणेकर, वैशाली म्हाडे, शिवानी सुर्वे, दिगंबर नाईक यांसारख्या परिचित कलाकारांच्या तुलनेत ठाकरे हे मराठी प्रेक्षकांना जवळजवळ अनोळखी होते.

गटांची मांडणी

पहिल्या काही आठवड्यांत घर दोन भागांत विभागले गेले. किशोरी शहाणे, वीणा जगताप आणि रुपाली भोसले यांचा गट त्यांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'केव्हीआर' या नावाने ओळखला जाऊ लागला. शेफ पराग कान्हेरे हे या गटाच्या जवळ होते. दुसऱ्या बाजूला नेहा शितोळे, वैशाली म्हाडे, माधव देवचके आणि अभिजीत केळकर हे सदस्य होते. ठाकरे यांची सुरुवात या दुसऱ्या बाजूने झाली. शारीरिक ताकदीच्या टास्कमध्ये ते गटाला उपयोगी पडत आणि अनुभवी, बोलक्या सहकाऱ्यांच्या सान्निध्यामुळे त्यांना नॉमिनेशनच्या काळात आधार मिळे.

एका टास्कदरम्यान नेहा शितोळे यांच्याशी हिंसक वर्तन केल्याच्या कारणावरून पराग कान्हेरे यांना स्पर्धेतून बाहेर काढण्यात आले. त्यामुळे केव्हीआर गटाचा एक सहकारी कमी झाला आणि पुढे गटातील अंतर्गत मतभेदही वाढत गेले.

वीणा जगताप यांच्याशी जवळीक

ठाकरे आणि विरोधी गटातील वीणा जगताप यांच्यात निर्माण झालेले प्रेमसंबंध हा या पर्वातील सर्वाधिक चर्चेचा विषय ठरला. खेळाच्या दृष्टीने या नात्याचा परिणाम तात्काळ दिसून आला. सहकाऱ्यांना ठाकरे यांच्या निष्ठेविषयी शंका वाटू लागली. टास्कमध्ये ते जगताप यांच्याविरुद्ध पूर्ण ताकदीने खेळतील का, गटातील गोष्टी दुसऱ्या बाजूला जाणार नाहीत ना, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. जगताप यांनाही त्यांच्या मूळ गटात अशाच नाराजीला तोंड द्यावे लागले आणि कालांतराने रुपाली भोसले यांच्याशी असलेली त्यांची मैत्री दुरावली.

ठाकरे यांनी हे नाते लपवले नाही. घरात असतानाच त्यांनी जगताप यांचे नाव हातावर गोंदवून घेतले. या काळात त्यांची मूळ गटाशी असलेली बांधिलकी सैल होत गेली आणि दोघांची एक स्वतंत्र जोडी तयार झाली. दोन सदस्यांच्या जोडीकडे नॉमिनेशन वळवण्याइतके संख्याबळ नसते. मात्र तिला एक ओळखण्याजोगी कथा असते आणि प्रेक्षकांच्या मतदानावर चालणाऱ्या कार्यक्रमात अशा कथेला मोल असते.

प्रतिस्पर्धी आणि अंतिम फेरी

गटांची फेरमांडणी झाल्यावर नेहा शितोळे या ठाकरे यांच्या प्रमुख प्रतिस्पर्धी म्हणून पुढे आल्या. टास्कचे नियम बारकाईने वापरणे, वादात मुद्दा न सोडणे आणि आखणी करून खेळणे ही शितोळे यांची वैशिष्ट्ये होती. ठाकरे यांची ओळख मेहनती व मैत्री जपणारा स्पर्धक अशी होत गेली. सुरुवातीला एकाच बाजूला असलेले हे दोन सदस्य अंतिम क्षणी समोरासमोर उभे राहिले.

शिव ठाकरे, नेहा शितोळे, वीणा जगताप, शिवानी सुर्वे, किशोरी शहाणे आणि आरोह वेलणकर हे सहा जण अंतिम फेरीत पोहोचले. १ सप्टेंबर २०१९ रोजी झालेल्या सोहळ्यात ठाकरे विजेते, शितोळे उपविजेत्या आणि जगताप तिसऱ्या क्रमांकावर ठरल्या. विजेत्याला १७ लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. ठाकरे यांची सर्वांत जवळची सहकारीही अखेरच्या दिवशी त्याच पारितोषिकासाठी स्पर्धेत होती, ही बाब तीन वर्षांनी अधिक ठळकपणे पुन्हा घडली. ठाकरे आणि जगताप यांचे नाते कार्यक्रमानंतर काही काळ टिकले. पुढे ते विभक्त झाले.

बिग बॉस १६ (२०२२-२३)

हिंदी बिग बॉसचे सोळावे पर्व १ ऑक्टोबर २०२२ ते १२ फेब्रुवारी २०२३ या काळात कलर्स वाहिनीवर प्रसारित झाले. सलमान खान हे सूत्रसंचालक होते. मराठी आवृत्तीचे विजेते असले, तरी हिंदी प्रेक्षकांच्या दृष्टीने ठाकरे पुन्हा एकदा नवखेच होते. या वेळी घरात हिंदी मालिकांतील कलाकारांची संख्या मोठी होती. त्यांपैकी अनेकांचा स्वतःचा चाहतावर्ग होता आणि काही जण एकमेकांना आधीपासून ओळखत होते.

मंडळीची घडण

या परिस्थितीत मालिकांच्या वर्तुळाबाहेरून आलेले सदस्य एकत्र येऊ लागले. चित्रपट दिग्दर्शक साजिद खान, ताजिकिस्तानचे गायक अब्दू रोझिक, रॅपर एम.सी. स्टॅन आणि ठाकरे हे या गटाचा गाभा होते. त्यांच्यासाठी 'मंडळी' हा शब्द रूढ झाला. मराठीत सभा-संमेलनात उपस्थितांना संबोधण्यासाठी, नाटक कंपनीसाठी किंवा घरच्या माणसांसाठी सहज वापरला जाणारा हा शब्द या पर्वामुळे हिंदी प्रेक्षकांच्या तोंडी बसला. ठाकरे यांच्यासाठी वापरले जाणारे 'आपला माणूस' हे विशेषणही याच काळात अमराठी चाहत्यांपर्यंत पोहोचले.

मंडळीतील सदस्य आणि त्यांचा घरातील शेवट पुढीलप्रमाणे होता:

साजिद खान: जानेवारी २०२३ च्या मध्यास घराबाहेर.
अब्दू रोझिक: डिसेंबर २०२२ मध्ये काही दिवस बाहेर जाऊन परतले, जानेवारी २०२३ मध्ये पूर्वनियोजित कामांमुळे कायमचे बाहेर.
सुंबुल तौकीर: फेब्रुवारी २०२३ च्या आरंभी बाद.
निम्रत कौर अहलुवालिया: अंतिम सोहळ्याच्या काही दिवस आधी बाद.
शिव ठाकरे: उपविजेते.
एम.सी. स्टॅन: विजेते.

गटाचे सदस्यत्व सुरुवातीपासून निश्चित नव्हते. राजस्थानी नर्तकी गोरी नागोरी या आरंभी गटाच्या जवळ होत्या. नंतर मतभेद होऊन त्या दूर गेल्या. 'इमली' मालिकेतील सुंबुल तौकीर या प्रारंभी शालिन भनोट आणि टीना दत्ता यांच्यासोबत असत. त्या मैत्रीवरून वाद झाल्यावर आणि वडिलांनी सावध केल्यावर त्या मंडळीत आल्या. 'छोटी सरदारनी'मुळे परिचित असलेल्या निम्रत कौर अहलुवालिया यांनीही आधीचे मित्र सोडून हा गट जवळ केला. घरात दुखावले गेलेले किंवा एकटे पडलेले सदस्य या गटाकडे येत, असे या प्रवेशांवरून दिसते. कोणी नाराज झाला, तर त्याची समजूत काढण्याचे काम बहुतेक वेळा ठाकरे करीत. गटाला वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असलेले साजिद खान दिशा देत, तर अब्दू रोझिक यांच्या लोकप्रियतेमुळे गटाविषयी प्रेक्षकांत आपुलकी निर्माण झाली होती.

साजिद खान यांच्या सहभागास घराबाहेर विरोध झाला होता. २०१८ च्या 'मी टू' चळवळीत त्यांच्यावर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते, ही त्या विरोधाची पार्श्वभूमी होती. त्यांच्याशी असलेल्या जवळिकीमुळे मंडळीतील इतर सदस्यांनाही टीकेला सामोरे जावे लागले.

ठाकरे आणि एम.सी. स्टॅन

एम.सी. स्टॅन हे पुण्याच्या ताडीवाला रस्ता परिसरातील वस्तीत वाढलेले रॅपर आहेत. 'तडीपार' (२०२०) आणि 'इन्सान' (२०२२) या अल्बममुळे तरुण श्रोत्यांमध्ये त्यांचा मोठा चाहतावर्ग कार्यक्रमापूर्वीच तयार झाला होता. घरातील वातावरणाशी मात्र त्यांना जुळवून घेता येत नव्हते. ते सुरुवातीला अबोल राहत आणि घर सोडण्याची इच्छा त्यांनी एकाहून अधिक वेळा व्यक्त केली. अशा प्रसंगी त्यांना थांबवून धीर देणाऱ्यांत ठाकरे पुढे असत.

दोघांची स्पर्धक म्हणून जडणघडण भिन्न होती. ठाकरे प्रत्येक टास्कमध्ये उतरत, वादात बोलत आणि डावपेच आखत. स्टॅन यांचा टास्कमधील सहभाग मर्यादित असे. पुण्याच्या वस्त्यांतील हिंदी, रोखठोक बोलणे आणि मित्रांसाठी उभे राहणे ही त्यांची ओळख होती. टीना दत्ता यांचा पाय मुरगळल्याच्या प्रसंगावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टॅन आणि शालिन भनोट यांच्यात जोरदार भांडण झाले, तेव्हा ठाकरेही त्यात ओढले गेले आणि प्रकरण धक्काबुक्कीपर्यंत पोहोचले. गटातील एकाचे भांडण सर्वांचे होते, ही मंडळीची सवय या प्रसंगातून दिसली.

डिसेंबर २०२२ मध्ये अंगावरील सोन्याच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले पुणे परिसरातील सनी वाघचौरे आणि संजय गुजर हे 'गोल्डन बॉइज' घरात आले. ते थोड्याच दिवसांत बाहेर पडले.

अर्चना गौतम यांच्याशी संघर्ष

अभिनेत्री अर्चना गौतम यांनी २०२२ च्या उत्तर प्रदेश विधानसभा निवडणुकीत हस्तिनापूर मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवार म्हणून निवडणूक लढवली होती. घरातील कामे, रेशन आणि नियम यांवरून त्यांचे मंडळीशी वारंवार खटके उडत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अशाच एका वादात ठाकरे यांनी त्यांच्या पक्षाचा व पक्षातील नेत्याचा संदर्भ देऊन शेरा मारला. संतप्त झालेल्या गौतम यांनी ठाकरे यांचा गळा पकडला. शारीरिक हिंसेला मनाई करणाऱ्या नियमानुसार गौतम यांना घराबाहेर काढण्यात आले.

आठवड्याच्या शेवटी सलमान खान यांनी या प्रकरणाची दोन्ही अंगे समोर आणली. गौतम यांची कृती चुकीची होती. मात्र त्या कोणत्या विषयावर भडकतात हे जाणून त्यांना मुद्दाम डिवचण्यात आले होते, हेही त्यांनी ठाकरे यांना सुनावले. त्यानंतर गौतम यांना परत घेण्यात आले. या घटनेने युतीच्या राजकारणाची एक मर्यादा स्पष्ट केली. विरोधकाला नियमभंग करायला लावून बाहेर घालवता येते, पण चित्रीकरण सर्व काही टिपत असल्याने त्यामागील हेतूही प्रेक्षकांसमोर येतो. पुढे गौतम अंतिम पाच जणांत पोहोचल्या.

प्रियंका चहर चौधरी यांच्याशी प्रतिस्पर्धा

'उडारियां' मालिकेतील प्रियंका चहर चौधरी या मंडळीच्या सर्वांत प्रभावी विरोधक होत्या. त्या आपल्या मालिकेतील सहकलाकार अंकित गुप्ता यांच्यासोबत घरात आल्या होत्या आणि कोणत्याही मोठ्या गटात सामील झाल्या नाहीत. मंडळीतील सदस्य एकमेकांच्या चुका झाकतात, हा त्यांचा सततचा आक्षेप होता. त्या स्वतःशी संबंध नसलेल्या वादातही पडतात, असे ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे.

डिसेंबर २०२२ च्या अखेरीस अंकित गुप्ता यांना बाहेर काढण्याचा निर्णय घरातील सदस्यांच्या मतांवर सोपवण्यात आला. प्रेक्षकांऐवजी घराकडे अधिकार गेला की संख्याबळ किती निर्णायक ठरते, याचे हे उदाहरण होते. त्याचा दुसरा परिणामही झाला. एकमेव जवळचा सहकारी गेल्यानंतर चौधरी यांची एकटीने लढणारी स्पर्धक ही प्रतिमा अधिक ठसठशीत झाली. अखेरच्या आठवड्यांत विजेतेपदाच्या प्रमुख दावेदारांत त्यांची गणना होत होती.

शालिन भनोट आणि टीना दत्ता

या दोघांशी मंडळीचे संबंध प्रसंगानुसार बदलत राहिले. कधी नॉमिनेशनपुरते सहकार्य, कधी सुंबुल तौकीर यांच्यावरून वाद, तर कधी थेट भांडण असे त्याचे स्वरूप होते. दत्ता आणि भनोट यांचे आपसांतील नाते स्वतःच अस्थिर असल्याने मंडळीसमोर बराच काळ संघटित असा दुसरा गट उभा राहिला नाही. विरोधी बाजूच्या या विखुरलेपणाचा मंडळीला फायदा झाला.

मंडळीचे आकुंचन

जानेवारी २०२३ हा गटाच्या दृष्टीने वळणाचा महिना होता. कुटुंबीयांच्या भेटीच्या आठवड्यात ठाकरे यांच्या आई घरात येऊन गेल्या. साजिद खान यांच्या भगिनी, नृत्यदिग्दर्शिका फराह खान यांनी त्यांच्या भेटीत मंडळीतील तरुणांना भावाप्रमाणे मानले. त्यानंतर लवकरच साजिद खान आणि अब्दू रोझिक घराबाहेर पडले. गटात ठाकरे, स्टॅन, अहलुवालिया आणि तौकीर हे चौघे उरले.

अंतिम फेरीत थेट प्रवेश देणाऱ्या तिकिटाच्या टप्प्यात गटाने अहलुवालिया यांना पाठबळ दिले. उरलेल्या जागा कमी होत असताना स्वतःऐवजी मित्राला पुढे करणे, हा निर्णय युतीच्या निष्ठेचा कस पाहणारा होता. प्रत्यक्षात प्रथम तौकीर आणि नंतर अहलुवालिया मतदानात बाद झाल्या. गटाने दिलेले संरक्षण प्रेक्षकांच्या मतांना पर्याय ठरू शकले नाही.

अंतिम फेरी

शिव ठाकरे, एम.सी. स्टॅन, प्रियंका चहर चौधरी, अर्चना गौतम आणि शालिन भनोट हे पाच जण १२ फेब्रुवारी २०२३ रोजीच्या अंतिम सोहळ्यात होते. भनोट पाचव्या, गौतम चौथ्या आणि चौधरी तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. त्यामुळे शेवटच्या दोन जागा मंडळीकडेच आल्या आणि अमरावती व पुणे येथील दोन मित्र एकमेकांसमोर उभे राहिले. सलमान खान यांनी स्टॅन यांना विजेते घोषित केले. त्यांना ३१ लाख ८० हजार रुपये आणि मोटार असे पारितोषिक मिळाले. विजेतेपद मंडळीतच राहिल्याबद्दल ठाकरे यांनी समाधान व्यक्त केले.

दोन पर्वांची तुलना

दोन्ही पर्वांत ठाकरे यांची कार्यपद्धती काही बाबतींत समान होती. ते नवख्या सदस्याच्या जागेवरून सुरुवात करीत, लवकर मित्र जोडत, टास्कमध्ये पुढाकार घेत आणि मित्राच्या भांडणात उतरत. फरक गटाशी असलेल्या नात्यात होता. २०१९ मध्ये त्यांनी एका व्यक्तीसाठी गटाची नाराजी ओढवून घेतली. त्यामुळे घरातील संरक्षण कमी झाले, पण त्यांची स्वतंत्र ओळख निर्माण झाली. २०२२-२३ मध्ये ते गटाचे प्रमुख चेहरे झाले. नॉमिनेशन आणि कॅप्टनपदाच्या टास्कमध्ये त्याचा त्यांना सातत्याने लाभ झाला. त्याच वेळी झुंडीने खेळल्याचा आक्षेपही प्रामुख्याने त्यांच्या वाट्याला आला. डावपेच आखणाऱ्यावर त्या डावपेचांची जबाबदारी येते, तर गटात राहूनही त्यापासून अलिप्त दिसणाऱ्या सदस्यावर ती येत नाही. मंडळीत ही दुसरी जागा स्टॅन यांची होती.

अंतिम टप्प्यात मतांची विभागणी हाही युतीचा अपरिहार्य परिणाम असतो. गटावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाला शेवटी एकाच सदस्याला निवडावे लागते. कार्यक्रमापूर्वीच स्वतःचा संघटित चाहतावर्ग असलेल्या सदस्याला अशा वेळी अधिक आधार असतो. ठाकरे यांची हिंदीतील लोकप्रियता मुख्यतः त्याच घरात आणि त्याच मित्रांच्या सोबतीने घडलेली होती. ज्या नात्यांमुळे ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, त्याच नात्यांत त्यांचा प्रतिस्पर्धीही होता.

कार्यक्रमानंतर

मंडळीतील सदस्य सोहळ्यानंतर काही काळ एकत्र दिसत. मार्च २०२३ मध्ये अब्दू रोझिक आणि एम.सी. स्टॅन यांच्यातील बेबनाव जाहीर झाला आणि घराबाहेर गट पूर्वीसारखा राहिला नाही.

ठाकरे यांनी २०२३ मध्ये 'खतरों के खिलाडी'च्या तेराव्या पर्वात भाग घेतला. या पर्वाचे चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे झाले. अर्चना गौतम याही त्यात स्पर्धक होत्या. त्यानंतर ते 'झलक दिखला जा'च्या अकराव्या पर्वात सहभागी झाले. धाडस आणि नृत्य यांवर आधारित या दोन्ही कार्यक्रमांत सहस्पर्धकांना नॉमिनेट करण्याला बिग बॉसइतके स्थान नाही. त्यामुळे युती हे त्यांच्या वाटचालीचे मुख्य सूत्र बिग बॉसच्या दोन पर्वांपुरतेच राहिले.

हेही पाहा

बिग बॉस मराठी
बिग बॉस मराठी (दुसरे पर्व)
बिग बॉस (सोळावे पर्व)
एम.सी. स्टॅन
नेहा शितोळे
वीणा जगताप